मी समाधीत नव्हते

आमच्या गावच्या बायकांच्या भजनी मंडळात मी पंचवीसेक वर्षं पेटी वाजवते आहे. मध्ये एक वर्ष वाजवत नव्हते. त्या वर्षात गावाने मला जवळजवळ साध्वी करून टाकलं होतं, आणि मी ते होऊ दिलं होतं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. त्यात माझी फजिती आहे, पण मला त्यातून ज्यांनी बाहेर काढलं त्यांचे उपकार फजितीपेक्षा मोठे आहेत, म्हणून लिहिते.

गाव पारनेर तालुक्यातलं. माझं माहेर देवळाली प्रवऱ्याचं. तिकडे कालव्याचं पाणी, चहूबाजूंनी ऊस. लग्न होऊन इकडे आले तेव्हा उघडे माळ आणि बाभळी बघून पहिलं वर्षभर मला करमलं नाही. नंतर शाळेत नोकरी लागली आणि शिक्षिका म्हणून सगळं गाव मला ‘बाई’ म्हणायला लागलं. वडिलांनी मला लहानपणी पेटी शिकवली होती. ती गोष्ट कुणाला तरी कळली आणि भजनी मंडळाच्या बायका एका गुरुवारी मला घरातून उठवूनच देवळात घेऊन गेल्या. तेव्हापासून मी ह्या गावची झाले.

मंडळात आम्ही दहा-अकरा जणी. गाण्यात पुढे असायच्या आक्का. त्यांना सगळं गाव आक्काच म्हणतं. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, शेतकरी बाई, शाळेची पायरी न चढलेल्या, पण शेकडो अभंग तोंडपाठ. हातात झांज घेऊन त्या उभ्या राहिल्या की देऊळ भरल्यासारखं वाटायचं. त्यांच्या गळ्यामागे पेटी घेऊन जाणं हे माझं काम, आणि मला त्या कामाचा मोठा आनंद होता.

निवृत्तीच्या आधीपासूनच माझे कान कमी व्हायला लागले. एकदम काही झालं नाही. आधी चिमण्या गेल्या. म्हणजे दिसायच्या, चोच उघडायच्या, आवाज यायचा नाही. मला वाटलं, चिमण्या पूर्वीसारख्या ओरडत नाहीत. मग मोबाईल वाजलेला कळेना. मग कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. माणसांचा आवाज कानावर यायचा, पण शब्द नीट लागायचे नाहीत, बायकांचे तर फारच कमी. चार जणी बोलत बसल्या की मी त्यांच्या तोंडांकडे बघत राहायचे आणि सगळ्या हसल्या की हसायचे. त्या कशाला हसल्या हे मला पुष्कळदा आजही माहीत नाही.

मी हे कुणाला सांगितलं नाही. चाळिशी लागली की माणूस चष्मा लावतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. कानाचं तसं नसतं. आमच्या लहानपणी ज्याला ऐकू येत नाही त्याची गावात नक्कल व्हायची, आणि माझ्या वर्गातल्या मुलांना अशी नक्कल करताना मी स्वतः पकडलेलं होतं. शिवाय मी पेटीवाली. पेटीवालीला ऐकू येत नाही म्हटल्यावर तिचं काय उरलं, असं मला वाटायचं. भजनात मी आक्कांच्या ओठांकडे आणि झांजेच्या हाताकडे बघून वाजवायचे. बावीस वर्षांची सवय होती, त्यामुळे तीन-चार वर्षं निभावलं.

मग सप्ताह आला. सप्ताहात दुपारच्या एका तासाला बायकांचं भजन असतं. त्या दिवशी मांडव माणसांनी भरलेला होता, कर्णे लावलेले होते आणि माइकचा जाड दांडा नेमका माझ्या आणि आक्कांच्या मध्ये आला. मला त्यांचं तोंड दिसेना. सरकावं तर पेटी, बैठक, मागच्या बायका, सगळ्यांना हलवावं लागलं असतं. कर्ण्याच्या गोंगाटात सगळे आवाज एकमेकांत मिसळले होते. मी डोळे मिटले आणि अंदाजाने वाजवायला लागले. चाल ओळखीची होती, हात चालत होते, आणि खरं सांगायचं तर डोळे मिटल्यावर मला बरंही वाटलं. कुणाकडे बघायला नको, काही ताडायला नको.

डोळे उघडले तेव्हा गाणं संपलेलं होतं. कधी संपलं होतं कुणास ठाऊक. नंतर मला कळलं की पंगतीला कुणी कधी बसायचं ह्याची सूचनासुद्धा सांगून झाली होती आणि मी वाजवतच होते. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. कुणी हसत नव्हतं. आक्का झांज छातीशी धरून उभ्या होत्या. तेवढ्यात गावातली एक म्हातारी आजी, जिला वाकताही धड येत नाही, ती दोघींना धरत धरत माझ्यापर्यंत आली आणि तिने माझ्या पायांवर डोकं टेकवलं. ती काहीतरी बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण तिचे डोळे भरलेले दिसले, आणि मला सगळं समजलं. त्यांना वाटलं होतं, बाईंची समाधी लागली.

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी पुन्हा डोळे मिटून घेतले आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलताना लोकांचा सूर बदलला, म्हणजे तोंडं बदललेली मला दिसायची. मला पुढच्या गुरुवारची भीती वाटत होती. आता मंडळात बसले तर चूक होणार आणि ह्या वेळी ती चूक सगळ्यांना कळणार. म्हणून मी आक्कांना म्हणाले, “आता काही दिवस मला एकांतात साधना करायची आहे. भजनाला यायचं जमणार नाही.” आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली आणि नमस्कार केला. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी नमस्कार केला नव्हता.

मळ्यात विहिरीजवळ आमची एक खोली आहे. त्यात खताच्या गोण्या आणि ठिबकच्या नळ्या पडलेल्या असायच्या. आमच्या ह्यांनी ती रिकामी केली, चुना मारला, खिडकीला नवी जाळी लावली. ते बोलणारे गृहस्थ नाहीत. “रोज किती वेळ बसनार?” एवढं त्यांनी विचारलं, तेही दोनदा विचारावं लागलं. मी म्हणाले, “सकाळी जाईन, दुपारी येईन.” पुढचं सगळं वर्ष मी रोज डबा घेऊन मळ्यात जात होते. आसन, माळ, देवाची एक तसबीर, पाण्याचा तांब्या. दाराला आतून कडी.

पहिला महिना फार सुखाचा गेला. ऐकू येत नसलेल्या माणसाला दिवसभर केवढे कष्ट असतात हे ज्याला ऐकू येतं त्याला सांगून कळणार नाही. प्रत्येक वाक्यामागे धावावं लागतं. ते धावणं बंद झालं. मला वाटलं, हाच तो एकांत, ज्याच्याबद्दल मोठी माणसं सांगत आली. मी घरी आले तरी कुणाशी बोलत नसे. कुणी काही विचारलं की किंचित हसायचं आणि वर बघायचं. एवढ्यावर माझं भागायचं.

मग हळूहळू ती खोली बदलायला लागली. खोली तीच होती, बदलले होते मी. माळ ओढता ओढता मनात यायचं, आज गुरुवार, आता सगळ्या जमल्या असतील. कुणी माझी आठवण काढली असेल का? काढली असेल तर काय म्हणून? कुणाला संशय आला असेल का? नामाचा एक फेरा पूर्ण व्हायचा आणि त्यात नाम दोन वेळा आणि हे बाकीचं शंभर वेळा. मी उठून खिडकीतून पायवाटेकडे बघायचे. कुणी येत नसायचं. बाईंच्या साधनेत व्यत्यय नको म्हणून गावाने ती वाट सोडली होती. आणि कधी लांबून कुणी येताना दिसलंच तर मी पटकन आसनावर येऊन डोळे मिटायचे. कुणी यावं म्हणून झुरायचं आणि आलं की दार लावून घ्यायचं, असं ते वर्ष चाललं होतं.

देवाशीही माझं पटेना. पूर्वी पेटी वाजवता वाजवता मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलायचे. भाजी महागली, मुलीचा ताप उतरू दे, आज आक्कांचा आवाज काय लागलाय, असं काहीही. आता खास त्याच्यासाठी म्हणून बसले होते तर बोलायला तोंड नव्हतं. कारण त्यालाही मी तेच दाखवत होते जे गावाला दाखवत होते. त्याला खरं काय ते माहीत होतं आणि त्याला ते माहीत आहे हे मलाही माहीत होतं. असे दोघं एका खोलीत किती वेळ बसणार?

त्या वर्षातली एक गोष्ट मला अजून खुपते. मुलगी पुण्याला असते. तिचा फोन आला की मला काही कळायचं नाही, म्हणून मी फोन ह्यांच्या हातात द्यायचे आणि खुणेने सांगायचे, तिला सांगा, आईचं मौन आहे. ह्यांनी ते सांगितलं की पलीकडे थोडा वेळ शांतता असायची, असं ते मला नंतर म्हणाले. दिवाळीत ती आली तेव्हा दोन दिवस राहून गेली. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या गळ्यात पडली नाही. ती आईच्या कुशीत शिरायची, साध्वीच्या कुशीत कशी शिरणार?

वाटाण्याच्या तोडणीचे दिवस होते. आमच्याकडे पावसाळ्यात वाटाणा निघतो आणि शेंगा कोवळ्या आहेत तोवर घाईने तोडावा लागतो. त्या दिवशी दारातून थोडी हवा यावी म्हणून मी कडी लावली नव्हती. दाराकडे पाठ करून माळ ओढत बसले होते. अचानक पाठीवर काहीतरी लागलं. मी दचकून वळले. दारात आक्का उभ्या होत्या, पदरात वाटाण्याच्या शेंगा, आणि त्यातलीच एक त्यांनी मला फेकून मारली होती.

त्या आत आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या चेहऱ्याजवळ चेहरा आणून सावकाश बोलल्या. इतक्या जवळून बोललेलं मला कळायचं.

“मी तीनदा हाक मारली.”

मी माळ मुठीत घट्ट धरली.

“मंग म्हनलं, बघावं तरी समाधी किती खोल हाय. म्हनलं, बाई, पायापाशी साप हाय. तुमी आपल्या माळ वढत बसल्या.”

“समाधीत माणसाला साप कळत नाही, आक्का,” मी म्हणाले.

“कळत नसंल. मंग शेंगंला कशा दचकल्या?”

आक्का माझ्याकडे बघत होत्या, पण रागाने नाही. एखाद्या लहान पोराने पायात मोडलेला काटा लपवला असावा आणि तो आपल्याला दिसावा, तशा बघत होत्या. त्यांनी माझ्या हातातली माळ काढून तसबिरीपुढे ठेवली.

“तुमाला ऐकू येत न्हाई, व्हय ना?”

मी रडायला लागले. चार-पाच वर्षांचं सगळंच बाहेर आलं. आक्कांनी मला रडू दिलं. पदरातल्या शेंगा आसनावर ओतल्या आणि त्या सोलायला लागल्या. मी थोडी शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, “किती दिस झाले?”

“चार-पाच वर्षं. सप्ताहात मी समाधीत नव्हते, आक्का. मला तुमचं गाणं थांबलेलं कळलंच नाही.”

त्या सोलायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “आन मी म्हनलं, माझ्या गान्यात काय खोट निघाली म्हून बाई उठून गेल्या. लई इचार केला मी. वरीसभर केला.”

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी माझ्याच लाजेत इतकी गुंतले होते की माझ्या उठून जाण्याने दुसऱ्या कुणाचं काही जाईल, हे मला सुचलं नव्हतं. आक्कांनी सांगितलं, मंडळात आता चार-पाच जणीच येतात. पेटी नसल्यावर सूर कुठल्या कुठे जातो, मग एकमेकींकडे बघून हसू येतं, मग हसूही येईनासं झालं. गेले दोन गुरुवार आक्का स्वतःच गेल्या नव्हत्या.

“तुमी हितं बसल्या एकट्या,” त्या म्हणाल्या, “आन मी तिकडं घरात. देवाला तरी काय मिळालं यातनं?”

त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातात दिले. आम्ही दोघींनी ते कच्चेच खाल्ले.

त्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले. आमचे हे गाईची धार काढत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, “अहो, मला कानाने ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली.”

त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून विचारलं, “म्हंजी मी मागनं हाक मारायचो, ती तुला ऐकूच जायची न्हाई?”

“नाही.”

“मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचं न्हाई आता. संसारातनं मन उठलं तुझं.” ते परत धार काढायला लागले. मग खाली बघतच काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, कळलं नाही. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा सांगितलं, “म्हून मी हाक मारनंच सोडलं.”

लग्नाला छत्तीस वर्षं झालेला हा माणूस. त्याने वर्षभर दुपारी मळ्यात, माझ्यासाठी चुना मारलेल्या खोलीकडे बघत एकट्याने जेवण केलं होतं, आणि तक्रारीचा एक शब्द काढला नव्हता. मी तिथेच गोठ्यात बसून राहिले. ते दूध घेऊन उठले तेव्हा त्यांनी मला हात देऊन उठवलं.

आठवड्याभरात आक्का मला घेऊन नगरला गेल्या. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडात नगरच बसलेलं आहे. कानाच्या डॉक्टरांनी कान बघितले आणि तपासणीला पाठवलं. तिथे एक काचेची खिडकी असलेली लहानशी खोली होती, आतून सगळी जाड कापडाने मढवलेली. तपासणाऱ्या मुलीने माझ्या कानांवर मोठे हेडफोन बसवले आणि हातात एक बटण दिलं. “मावशी, बारीकसा जरी आवाज आला तरी हे दाबायचं,” असं तिने लिहूनच दाखवलं. मग दार लागलं.

इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मळ्यातल्या खोलीत निदान पंपाची घरघर तरी जाणवायची. इथे काहीच नाही. मी घाबरेन असं मला वाटलं होतं. पण काचेतून आक्का दिसत होत्या. मांडीवर पिशवी घेऊन त्या बाकावर बसल्या होत्या आणि माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी बटण दाबलं की त्यांची मान हलायची, जणू मीच काहीतरी मोठा पराक्रम केलाय. बऱ्याच वेळा मला काही ऐकू येत नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. आणि त्या बसून राहण्यात मला एकाएकी जाणवलं की मी शांत आहे. मन कुठे पळत नव्हतं. मला कुणापासून काही लपवायचं नव्हतं आणि बाहेर कुणीतरी माझ्यासाठी बसलेलं होतं. तिथे मी न ठरवता नाम घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा ते नुसतं नाम होतं.

पुढे कानाची मशिनं आली. दोन्ही कानांना. ती लावली आणि पहिला आवाज आला तो माझ्याच बांगड्यांचा. मग डॉक्टरांच्या हातातल्या कागदाची खसखस, पंखा, बाहेरचे हॉर्न. येताना एसटीच्या काचा अशा खडखडत होत्या की मी दोनदा मशिनं काढून ठेवली. आक्का शेजारी बसून बोलत होत्या आणि त्यांच्या आवाजात एक बारीक खरखर होती, जी मी कधीच ऐकली नव्हती. त्या म्हाताऱ्या होत आल्या होत्या आणि ते माझ्या कानांना कळायचंच राहून गेलं होतं. मी त्यांना म्हटलं, “बोलत राहा.” पार गावापर्यंत त्या बोलत राहिल्या, सुनेबद्दल, म्हशीबद्दल, वाटाण्याच्या बाजाराबद्दल. मी एक शब्द चुकू दिला नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी देवळात गेले. निरोप गेला असावा, कारण सगळ्या आल्या होत्या, ती म्हातारी आजीसुद्धा. पेटीला हात लावायच्या आधी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. समाधी नव्हती, कान गेले होते, मी तुम्हाला फसवलं. मग आजी आपल्या जागेवरून म्हणाली, “म्हंजी माझं डोकं उगाच टेकलं म्हना की.”

“हो आजी,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या मंग. एवढी वाकले तवा कंबर मोकळी झाली हुती माझी.”

सगळ्या जणी हसल्या. कशाला हसल्या हे ह्या वेळी मला कळलं होतं. मीही हसले आणि आक्कांनी झांज उचलली.

नव्या मशिनांतून पेटीचा सूर सुरुवातीला पत्र्यासारखा यायचा. पुष्कळ चुका व्हायच्या. अजूनही होतात. मोठ्या गर्दीत, कर्णे लागले की मला आजही नीट कळत नाही. पण आता आक्का सगळ्यांदेखत सांगतात, “माइक बाजूला घ्या, बाईंना माझं त्वांड दिसू द्या,” आणि माइक बाजूला होतो.

मुलीला मी फोन करून सगळं सांगितलं. ती आधी रागावली, मग रडली. दुसऱ्याच शनिवारी आली आणि दोन दिवस माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात बोलत फिरत राहिली. मशिनं काढून ठेवावीत इतकं बोलली, पण मी काढली नाहीत.

मळ्यातली खोली मी सोडली नाही. सगळ्यांना वाटलं होतं, सोडेन. मलाही वाटलं होतं. पण महिनाभराने एका सकाळी पाय आपोआप तिकडे वळले. आसनावर बसले, मशिनं काढून डबीत ठेवली आणि जग बंद झालं. तीच शांतता, तीच भिंत, तीच तसबीर. मी वाट बघत होते की मागच्यासारखं ओझं अंगावर येईल. आलं नाही. आता रोज सकाळी तासभर जाते. दाराला कडी घालत नाही. माझ्या मनात माणसं येतात, आक्का, आजी, हे, मुलगी, वर्गातली जुनी पोरं, येतात आणि जातात, आणि त्यांच्याकडून मला काही नको असतं. त्यांच्यापासून काही लपवायचंही नसतं. त्या वर्षी प्रत्येक विचारात मीच असायचे. आता तासाभरात मला माझी फारशी आठवण येत नाही. देवाशी बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, कांद्याचा भाव, गुडघे, असलंच काहीबाही. मग मशिनं कानात घालते तेव्हा पहिल्यांदा चिमण्या येतात. दर वेळी थोडं थांबून मी त्या ऐकते.

शांतता दोन्ही वेळी सारखीच होती, म्हणून मला बरेच दिवस कोडं पडलं होतं की मग एकदा तिने सुकवलं आणि एकदा पोसलं कसं. मला वाटतं, पहिल्या वेळी मी माणसांपासून लपायला गेले होते आणि देवाचं नाव दाराला लावलं होतं. आता मी माणसांतून उठून जाते आणि माणसांत परत येते. ह्याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

गेल्या वर्षी आमच्या भावकीतल्या एका सुनेचा नवरा अचानक गेला. चाळिशीची बाई. मुलं शिकायला बाहेर. दोनेक महिन्यांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काकू, मला माणसं नकोत आता. सारखं येतात, सारखं तेच बोलतात. मला तुमच्या मळ्यातल्या खोलीत दिवसभर बसू द्या. नामस्मरण करीन.”

तिच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवेना. तिला खरोखरच शांतता हवी होती आणि ती मिळण्याचा तिला हक्क होता. पण ती खोली दिवसभरात माणसाचं काय करू शकते हे मला माहीत होतं. मी म्हणाले, “बस. कुणी तुला उठवणार नाही, कुणी काही विचारणार नाही. एकच गोष्ट. दुपारी एक वाजता मी डबा घेऊन येईन. दोघींनी बरोबर जेवायचं. बोललं पाहिजे असं नाही.”

तिने थोडा विचार केला आणि मान हलवली.

मी रोज भाकरी आणि कालवण घेऊन जायचे. ती आसनावरून उठून उंबऱ्यापाशी यायची, आम्ही जेवायचो, ती परत आत जायची. पहिले पंधरा-वीस दिवस ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. कधी तिचे डोळे सुजलेले असायचे, कधी चेहरा जरा निवलेला. आक्कांनी एकदा माझ्याबरोबर येऊन तिच्या ताटात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि न बोलता परत गेल्या, जे आक्कांसाठी फार अवघड काम होतं.

मग एका दुपारी तिने पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, “काकू, आज मीठ कमी पडलंय कालवणात.”

मी म्हणाले, “उद्या बघून घालीन.”

“उद्या मी करून आणते,” ती म्हणाली आणि जेवायला लागली.